गाडीची स्टील पट्टी भंगारात घालू नका



एखाद्या वाड्यात गोठ्याशेजारी जुनी अँबॅसडर ताडपत्रीखाली उभी असते. या गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. इंजिनाचे काम मेकॅनिक करून देईल. पण काचेभोवतीची किंवा दारावरची पट्टी पोचे पडले म्हणून भंगारात घातली, तर तशीच दुसरी मिळणे कठीण. पट्टी स्टेनलेस स्टीलची असेल तर ती घरीही सुधारता येते.

आधी धातू ओळखा. नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नका. काही स्टेनलेसला तो चिकटतो, काहींना नाही. पट्टीची मागची बाजू पाहा. तिथे तांबडा गंज असेल किंवा वरचे पापुद्रे निघत असतील तर तो क्रोमचा मुलामा समजावा. बंपर बहुधा मुलाम्याचाच असतो. मुलामा घासला की तो जातो आणि खालचे लोखंड उघडे पडते. स्टेनलेसमध्ये मात्र क्रोमियम अंगभूत असते, निदान साडेदहा टक्के. घासले तरी हवा लागताच त्यावर न दिसणारा संरक्षक थर पुन्हा धरतो.

पट्टी ओढून काढू नका. क्लिपा एकेक सोडवा. दर्शनी बाजू लाकडी ठोकळ्यावर ठेवून पोचा मागून छोट्या हातोडीने, कडेकडून मध्याकडे, हलक्या हाताने उठवा. जोराने ठोकल्यास पत्रा ताणतो आणि फुगवटा कायमचा राहतो. उरलेला उंचवटा बारीक कानशीने जेमतेम उतरवा. पत्रा पातळ असतो.

मग पाण्यात भिजवून वॉटर पेपर चालवा: ३२० नंबर, मग ४००, ६००, ८०० आणि १०००. दर नंबरला घासण्याची दिशा बदला. आधीचे चरे पुरते गेल्याखेरीज पुढचा कागद घेऊ नका. कोळपणीत एक पाळी चुकली की तण पुढे त्रास देते, तसेच हे. राहिलेला चरा चकाकी आल्यावर अधिकच दिसतो.

शेवटी बफ. येथे सावध राहा. चाकाची तुमच्याकडची बाजू खाली फिरत असावी, आणि पट्टी चाकाच्या मध्याखाली धरावी. पट्टीची वरची कड चाकाला भिडली तर चाक ती हिसकावून फेकते. बोटे जायला वेळ लागत नाही. चष्मा लावा. पदर, उपरणे, सैल बाही दूर ठेवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

भगिनींनो, भांड्यांची लोखंडी तारेची घासणी पट्टीला लावू नका. तिचे कण रुततात आणि तेच पुढे गंजतात. फरशीचे ॲसिडही नको. आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्या गाडीजवळ रचू नका. त्यातील क्लोराईड ओलाव्याबरोबर स्टीललाही खड्डे पाडते. गाडी धुतल्यावर पट्टी कोरड्या फडक्याने पुसा. एवढी निगा राखली तर आपल्या हातची चकाकी वर्षानुवर्षे टिकेल.