डॉक्टरकाकांची सही

गेल्या वर्षीची गोष्ट. सेमिस्टर संपत आलं होतं आणि माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली होती. ग्रुपमधल्या तिघांनी आधीच 'मेडिकल' जोडून टाकलं होतं. एकाला टायफॉइड झाला होता, दोघींना कावीळ. त्या दिवसांत तिघंही माझ्यासोबत चहाच्या टपरीवर होते, हा भाग वेगळा! मला तर काहीच टेन्शन नव्हतं. सांगलीत आमचे डॉक्टरकाका होते. मला पोलिओच्या डोसापासून ओळखणारे, माझ्या आजीला मावशी म्हणणारे. शनिवारी घरी गेले, दवाखान्यात नंबर लावला आणि आत जाऊन सरळ विषयाला हात घातला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे मी देणार नाही."

"काका, सगळेच देतात."

"देत असतील. पण उद्या तुला खरंच कावीळ झाली, तर माझी सही कोण खरी मानेल?"

मी तणतणत बाहेर आले. शेवटी एचओडींसमोर उभं राहून खरं काय ते सांगावं लागलं, जादा असाइनमेंट्स लिहाव्या लागल्या, तेव्हा कुठे परीक्षेला बसता आलं. पुढचे दोन महिने मी घरी त्यांचा उल्लेख 'तुमचे ते डॉक्टर' असाच करत होते.

आज मला त्याच सहीबद्दल लिहायचंय.

आपल्या पिढीला फॅमिली डॉक्टर म्हणजे आईबाबांची सोय वाटते. शिक्षणासाठी शहरात आलो की तो घरीच सुटतो. मग ताप आला की आधी गूगल, मग चॅटबॉट, मग मेडिकलवाल्या दादाला विचारून दोन गोळ्या, आणि अगदीच गळ्याशी आलं तर थेट मोठं हॉस्पिटल. मधली जी पायरी आहे, आपल्याला नावानं ओळखणारा माणूस, ती आपण गाळूनच टाकली आहे. मीही गाळली होती.

त्या नकारानंतरच्या गणपतीनंतर पुण्यात मला ताप भरला. १०२. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. चॅटबॉटनं आठ शक्यता सांगितल्या. रूममेटच्या ड्रॉवरमध्ये तिच्या मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या. त्या घ्यायचं ठरलं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनची एक गोळी तर घेऊनही झाली होती. तेवढ्यात आईचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिनं काहीच विचारलं नाही, काकांना कॉलवर घेतलं.

काकांनी आठ शक्यता सांगितल्या नाहीत. चार-पाच प्रश्न विचारले. ताप कधीपासून? उलटी? लघवीला किती वेळा गेलीस? गोळी कोणती घेतलीस, नाव वाचून दाखव. आणि मग, "ती दुसरी, मैत्रिणीची, तिचंही नाव वाच." मी वाचलं. पलीकडे क्षणभर शांतता. "ती सल्फाची गोळी आहे. सात वर्षांची असताना सल्फानं तुझ्या अंगभर पुरळ उठलं होतं. हात लावू नकोस तिला."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आईलासुद्धा चटकन आठवलं नाही. आणि हे काकांच्या कुठल्या कार्डावर लिहिलेलं असेल म्हणावं, तर २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दवाखान्यात शिरलं तेव्हा पेशंटच्या कार्डांचे सगळे ड्रॉवर भिजून लगदा झाले होते. ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

पुढे ते म्हणाले, "अंगदुखीची गोळीही बंद. डेंगी असेल तर त्यानं रक्तस्रावाची भीती वाढते. फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. पण फोनवरून मला तुझं पोट दाबून बघता येत नाही. तिथल्या डॉक्टरकडे आत्ता जा, रक्त तपासून घे." डेंगीच निघाला. "ताप उतरला की नाचू नकोस, खरं लक्ष तेव्हाच ठेवायचं असतं. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर सरळ हॉस्पिटल." सुदैवानं तशी वेळ आली नाही.

नंतर विचार केला, की आपण किती सहज गोळ्यांची देवाणघेवाण करतो! डेंगी विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. म्हणजे ती गोळी माझ्या तापावर चाललीच नसती, वर नको तो त्रास झाला असता. अँटिबायोटिकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ आपण रोज बघतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, एवढंच ती सांगत असते. अपुरे डोस घेतले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतील, हा इशारा पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानातच दिला होता.

फॅमिली डॉक्टरचं कौतुक म्हणजे नुसता जुन्या काळाचा उमाळा नाही. २०१८ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात नऊ देशांतल्या २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या १८ अभ्यासांत असं दिसलं, की जे पेशंट दीर्घकाळ त्याच त्या डॉक्टरकडे जात राहतात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी असतं. केवळ सातत्यामुळेच असं होतं, हे यातून सिद्ध होत नाही. पण ओळखीच्या माणसापुढे आपण खरं बोलतो आणि आपल्यातला बदल त्याला लवकर कळतो, हे समजायला संशोधन तरी कशाला हवं?

खरं बोलण्यावरून आठवलं. बारावीत मला रोज सकाळी पोटात दुखायचं. सोनोग्राफी करायची का, असं आई विचारत होती. काकांनी तिला गोळ्या बांधून घ्यायला कंपाउंडरकाकांकडे पाठवलं आणि मला हळूच विचारलं, "रविवारी दुखतं का गं?" रविवारी दुखत नव्हतं. क्लासची टेस्ट रविवारी नसायची. मी रडायलाच लागले. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आईला काय सांगायचं ते तू ठरव. मी तिला एवढंच सांगेन, की सोनोग्राफीची गरज नाही." आईला मी सहा महिन्यांनी सांगितलं. काकांनी कधीच नाही.

आता सगळेच डॉक्टर असे असतात, असं माझं म्हणणं नाही. येईल त्याला इंजेक्शन टोचणारे आणि नको त्या तपासण्या लिहिणारेही आहेत. पण त्यात आपलाही हात आहेच. 'काही औषध नको, दोन दिवस आराम कर' असं सांगणाऱ्या डॉक्टरला आपण फी द्यायला कां-कू करतो. सलाईन लावणारा मात्र आपल्याला 'पॉवरफुल' वाटतो. चारशेची कॉफी खपते, दीडशेचा सल्ला महाग वाटतो. मग माझ्या एमबीबीएसच्या मैत्रिणी 'नुसतं एमबीबीएस करून काय करायचं?' असं म्हणतात, तेव्हा त्यांना नावं कशी ठेवायची?

१ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्मदिवशी आणि स्मृतिदिनीही, आपण डॉक्टर्स डेचे मेसेज फॉरवर्ड करतो. त्यापेक्षा एक साधं काम करू. हॉस्टेलजवळचा एक चांगला डॉक्टर शोधू, आजारी पडायच्या आधीच. नको ते औषध न देणारा, प्रश्न विचारणारा, गरज असेल तेव्हा 'हे माझ्या हातातलं नाही, स्पेशालिस्टकडे जा' म्हणणारा. मग छोट्या-मोठ्या गोष्टींसाठी त्याच्याचकडे जाऊ. सिगारेट, दारू, झोप, पाळी, काहीही न लपवता सांगू. फी देऊ. रात्री बाराला रिपोर्टचे फोटो पाठवून 'काका, नॉर्मल आहे ना?' असं विचारणं बंद करू. आणि खोटं सर्टिफिकेट मागणार नाही. विश्वास दोन्ही बाजूंनी असावा लागतो, हे मला उशिरा कळलं.

या दिवाळीत काकांनी दवाखाना बंद केला. गुडघे साथ देत नाहीत. चालवायला पुढे कुणी नाही. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर बाहेर नंबर लावून बसलेल्या निम्म्या लोकांना काहीच झालेलं नव्हतं. सगळे नुसते भेटायला आले होते.

काकांनी ड्रॉवरमधून एक लेटरहेड काढून माझ्या हातात दिलं. पुण्यातल्या डॉक्टरला दाखवायला. माझं नाव, रक्तगट, लशी, सल्फाची ॲलर्जी, डेंगी कधी झाला ते, आजीचा डायबेटिस. सगळं त्यांच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात. बारावीतल्या पोटदुखीचा त्यात उल्लेखही नव्हता.

खाली त्यांची सही होती.