वहीपूजन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चंद्रपूरच्या बाजारात सराफाच्या पेढीवर चौरंग मांडलेला असतो. त्यावर लक्ष्मीची तसबीर, लाह्या-बत्तासे, झेंडूची फुले आणि मधोमध लाल कापडी बांधणीची कोरी वही. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, बाजूला 'शुभ' आणि 'लाभ'. तिजोरीत सोने असते, पण हळदकुंकू आधी वहीला लागते. लहानपणी मला याचे नवल वाटे. आता वाटते, पैशाविषयी जाणण्यासारखे जे आहे ते वाडवडिलांनी या एका पूजेत सांगून ठेवले आहे. कोणाचे कोणाकडे किती येणे आहे हे सांगणारी वही खरी असेल, तरच सोन्याला व्यवहारात अर्थ.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'पैसा' हा विषय घेतला त्यालाही कारण घरातलेच आहे. दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा मागे टाकला. आजी म्हणते, थोडे का होईना, सोने घेऊन ठेव. वरोऱ्याच्या किंवा अहेरीच्या कॉलेजात शिकणारा नातू म्हणतो, त्यापेक्षा बिटकॉईन घेऊ. दोघांच्या बोलण्यात एकच काळजी आहे: सरकार आणि बँक यांच्यापलीकडे, आपल्या हातात राहील असे काही गाठीशी असावे. या काळजीला टाळीचे किंवा टिंगलीचे उत्तर देणे बरोबर नाही. तिचा नीट विचार व्हायला हवा, आणि तो आपल्या जंगलमुलखातूनच सुरू करता येतो.

कारण राजाची मोहर नसलेले चलन या भागाला नवे नाही. शेजारच्या बस्तर-छत्तीसगडात आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकापर्यंत कवड्या चालत. त्या येत दूर मालदीवच्या समुद्रातून. त्या कोणी पाडत नव्हते आणि कोणाला त्यांची नक्कलही करता येत नव्हती. दुर्मीळ, टिकाऊ, मोजायला सोपी आणि मालक नसलेली अशी ती कवडी होती. पण पुढे इंग्रजांनी सारा चांदीच्या रुपयात मागितला आणि कवडीचे दिवस भरले. ओडिशात 1817 साली पाइकांनी उठाव केला, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. आज आपल्या भाषेत 'कवडीमोल' एवढाच तिचा उल्लेख उरला. समुद्राने कवडीला दिलेले मोल सरकारी खजिन्याने नाकारले, आणि ज्याच्या घरी कवड्या होत्या तो एका हुकुमासरशी गरीब झाला.

आठवडी बाजारातली अदलाबदल तर अजून म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. चारोळीच्या बदल्यात मीठ, मोहफुलांच्या बदल्यात तांदूळ. चारोळी गोळा करायला किती पायपीट लागते हे जंगलातल्या बाईला ठाऊक होते, पण शहरात तिला काय भाव आहे हे फक्त व्यापाऱ्याला ठाऊक होते. त्या व्यवहारात नाणे नव्हते, नोट नव्हती, बँकही नव्हती. तरी फसवणूक होतीच, कारण हिशेब एकाच बाजूला होता.

सोन्याचे मोल कशात आहे हे सोनझारी समाजाला विचारावे. नदीची वाळू आणि सराफ गल्लीतली धूळ धुऊन, गाळून, दिवसाकाठी कणभर सोने हाती लावणारी ही माणसे. सोने वाढवायचे तर असे कष्ट करावे लागतात. कोणाच्या सहीने ते वाढत नाही. म्हणूनच जगाने शतकानुशतके सोन्यावर भरवसा ठेवला आणि कागदी नोटेमागे ते उभे केले. नोट म्हणजे तिजोरीतल्या सोन्याची पावती, असा तो करार होता.

पण पावती शेवटी शब्दच असते. 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरले की 35 डॉलरला एक औंस सोने हा भाव अमेरिका सांभाळील आणि इतर देशांची चलने डॉलरला बांधलेली राहतील. 15 ऑगस्ट 1971 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. सोने होते तिथेच राहिले, शब्द गेला. आपल्याकडेही 1957 पासून रिझर्व्ह बँकेवर नोटांमागे किमान 200 कोटींची गंगाजळी, त्यात 115 कोटींचे सोने, एवढेच ठेवण्याचे बंधन आहे. चलनात नोटा किती आहेत याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. सोने तरीही संकटात कामी आलेच. 1991 मध्ये परकीय चलन संपत आले तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवले आणि देशाची पत राखली. आज तिच्याकडे 850 टनांहून अधिक सोने आहे, आणि देशात ठेवलेले सोने मुंबईसोबत आपल्या नागपूरच्या तिजोरीत आहे. घरातल्या बाईने मंगळसूत्र गहाण टाकून मुलाची फी भरावी, तसेच देशाने केले. त्यात कमीपणा नाही. पण तिजोरीची किल्ली मोजक्या हातांत असते, हेही विसरता येत नाही.

नेमक्या याच जागी बिटकॉईन आले. 31 ऑक्टोबर 2008 रोजी, बँका कोसळत असताना, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. 3 जानेवारी 2009 पासून ते चलन चालू झाले. त्यातली कल्पना आपल्या लाल वहीचीच आहे. वही एका पेढीवर ठेवायची नाही. तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची. नवा व्यवहार सर्वांनी तपासायचा, मग पान लिहायचे, आणि प्रत्येक पान आधीच्या पानाला असे शिवायचे की मागचे एक अक्षर खोडले तरी सगळी शिवण उसवावी. एकूण नाणी 2 कोटी 10 लाखच निघणार. पान लिहिणाऱ्याला मिळणारे बक्षीस साधारण दर चार वर्षांनी निम्मे होते: सुरुवातीला 50 नाणी, एप्रिल 2024 पासून 3.125. सोन्याची दुर्मीळता खडकात आहे, बिटकॉईनची गणितात. नोटेमागच्या सोन्याला राखणदाराचा शब्द लागतो. बिटकॉईनने राखणदारच काढून टाकला. ही कल्पना मोठी आहे, आणि ज्यांनी ती मांडली त्यांची बुद्धी मान्य करायला हवी.

मात्र ती आपल्या मातीत उतरवून पाहू. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वीज जाते, नेटवर्क जाते. त्या दिवसांत दुकानदार खिशातली नोट घेईल, ओळखीच्याला उधारही देईल. मोबाइलमधले नाणे कोणाला दाखवणार? ते नाणे काढण्याच्या कामाला जग 'खाणकाम' म्हणते. खाण म्हणजे काय हे चंद्रपूरला शिकवावे लागत नाही. आपले महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॉटचे आहे. तेवढी चार केंद्रे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर जी वीज होईल, तिच्याहून जास्त वीज बिटकॉईनचे संगणक वर्षाला खातात, असे केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजावरून दिसते. केंद्राजवळच्या दुर्गापूरच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी बसते, ती विजेच्या प्रत्येक युनिटाची खरी किंमत आहे. सोन्याची खाणही जमीन ओरबाडते. पण एकदा निघालेले सोने पुढे हजार वर्षे काही मागत नाही. बिटकॉईनची वही चालू ठेवायला मात्र रोज वीज लागते.

आणि राखणदार नसला की दाद मागायलाही कोणी नसते. बिटकॉईनची सांकेतिक किल्ली हरवली की धन कायमचे गेले. महाराष्ट्राने याहून वाईटही पाहिले आहे. बिटकॉईनच्या नावाने दरमहा दहा टक्के परतावा देऊ असे सांगणाऱ्या 'गेनबिटकॉईन' योजनेत हजारो लोक अडकले आणि 2018 मध्ये पुण्यात गुन्हे नोंदले गेले. तिथे गणित चुकले नव्हते. नाव बिटकॉईनचे होते, वही मात्र एकाच टोळीच्या हातात होती. लोकांनी ती कधी वाचलीच नाही.

तरी या तंत्राला नुसते झिडकारू नये. मार्च 2022 मध्ये आपल्याच एटापल्ली तालुक्यात सुमारे 65 हजार जात प्रमाणपत्रे 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर, म्हणजे अशाच शिवलेल्या वहीवर, नोंदवण्याचे काम प्रशासनाने हाती घेतले. त्यात नाणे नव्हते, सट्टा नव्हता. खोडता न येणारी, कोणालाही पडताळता येणारी नोंद एवढेच होते. ज्या आदिवासी मुलाचा प्रवेश एका कागदावर अडतो, त्याला अशा वहीचा उपयोग कळतो.

आणि यंत्राविनाही अशी वही चालते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने दाखवून दिले आहे. 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकालाही शंका असेल तर विषय पुढच्या सभेत. सगळ्यांसमोर ठेवलेला हिशेब एका रात्रीत कोण बदलणार? तेंदूपत्त्याच्या हंगामातही हेच खरे. 70 पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. संकलनाच्या फळीवर मोजणी होते आणि मजुराच्या कार्डावर आकडा चढतो. ज्या गावात ते कार्ड वाचणारे आणि ग्रामसभेत उठून विचारणारे आहेत, तिथे बोनस घरापर्यंत पोहोचतो.

म्हणून माझे मत स्पष्ट लिहितो. सोन्याला बांधलेला पैसा राखणदाराच्या प्रामाणिकपणावर उभा होता. बिटकॉईन गणिताच्या प्रामाणिकपणावर उभे आहे. दोन्हींत सामान्य माणूस वहीबाहेरच राहिला तर तो दोन्हींत बुडेल. आजीचे सोने अडीअडचणीसाठी जपा. नातवाचे कुतूहलही जपा. पण जे बुडाले तरी घर हलणार नाही, त्याहून एक रुपयाही जास्त बिटकॉईनमध्ये घालू देऊ नका, आणि ठरावीक परतावा देऊ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वाचकहो, आता धान कापणीला येईल, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरतील, झाडीपट्टीचे नाटक रात्रभर रंगेल. त्याआधी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर यंदा एक वही तुम्हीही ठेवा. बचत गटाची, सोसायटीची, ग्रामसभेची, नाहीतर घरखर्चाची, कोणतीही. हळदकुंकू वाहून झाले की ती उघडा आणि घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.