विश्लेषण : राऊटर पास, पण अडॅप्टरचे काय? दूरसंचार उपकरणांची विद्युत सुरक्षा कशी तपासतात?

घरातले इंटरनेट बंद पडले की तंत्रज्ञ येतो, राऊटर पाहतो आणि ‘अडॅप्टर उडालाय’ असे सांगतो. मग जवळच्या मोबाइलच्या दुकानातून १२ व्होल्टचा मिळेल तो अडॅप्टर आणला जातो. राऊटरचे दिवे लागतात आणि विषय संपतो. मात्र राऊटर बाजारात येण्यापूर्वी त्याची विद्युत सुरक्षेची सक्तीची चाचणी झालेली असते आणि अशा अदलाबदलीत तिच्या मोठ्या भागाला अर्थ उरत नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

चाचणीची सक्ती कधीपासून?

सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियन टेलिग्राफ नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार दूरसंचार उपकरणाची विक्री, आयात किंवा वापर करण्यापूर्वी त्याची चाचणी करून प्रमाणपत्र घेणे बंधनकारक ठरले. हे प्रमाणपत्र दूरसंचार विभागाचे टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटर, म्हणजेच ‘टीईसी’ देते. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. ऑक्टोबर २०१९ पासून टेलिफोन, मोडेम, फॅक्स यांसारखी उपकरणे, ऑक्टोबर २०२० पासून घरोघरी फायबर पोहोचवणारी ‘पॉन’ प्रकारातील उपकरणे आणि पुढे राऊटर, वायफाय वगैरे. मोबाइल फोन आणि स्मार्टवॉच यांना नंतर वगळण्यात आले, कारण त्यांची भारतीय मानक ब्युरोकडे (बीआयएस) वेगळी नोंदणी होतेच.

बातम्यांत चर्चा होते ती परदेशी उपकरणांतून हेरगिरी होईल का, याची. तो प्रश्न गंभीर आहेच. पण याच प्रमाणपत्रात शॉक आणि आगीपासून संरक्षणाचाही भाग असतो. तो कंटाळवाणा वाटतो म्हणून मागे पडतो.

प्रयोगशाळेत नेमके काय करतात?

राऊटर १२ व्होल्टवर चालतो. त्याला हात लावून कोणाला शॉक बसू नये. धोका आहे तो अडॅप्टरमध्ये. तिथे २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू एकमेकींपासून काही मिलिमीटरवर नांदत असतात. त्यांच्यामधले इन्सुलेशन खरोखर टिकते का, हे पाहण्यासाठी ‘आयएस १३२५२’ या मानकानुसार दोन्ही बाजूंमध्ये साधारण ३,००० व्होल्ट एसी दाब एक मिनिट दिला जातो. त्या वेळात इन्सुलेशन फुटले तर नमुना नापास.

त्यानंतर मुद्दाम बिघाड घडवले जातात. एखादा भाग शॉर्ट केला जातो, हवेची छिद्रे बंद केली जातात, आउटपुटवर जादा भार टाकला जातो. उपकरण बंद पडले तरी चालते, पण त्याने पेट घेता कामा नये आणि हाताला लागणाऱ्या भागात धोकादायक दाब येता कामा नये.

‘आयएस/आयईसी ६२३६८-१’ या नव्या मानकाची मांडणी वेगळी आहे. आधी ऊर्जेचा स्रोत शोधायचा, तो नुसता जाणवणारा, दुखवणारा की इजा करणारा हे ठरवायचे आणि मग तो व माणूस यांच्यामध्ये किती संरक्षक थर आहेत ते तपासायचे. माझ्या मते ही जास्त शहाणी पद्धत आहे, कारण यात ‘नियमात लिहिले नव्हते’ ही पळवाट उरत नाही.

धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या का येतात?

दोन पिनांच्या अडॅप्टरवरील उपकरणाच्या धातूच्या भागावर बोट फिरवले की कधी कधी बारीक झिणझिण जाणवते. अनेकदा तो बिघाड नसतो. रेडिओ गोंगाट कमी करण्यासाठी २३० आणि १२ व्होल्टच्या बाजूंमध्ये एक छोटा ‘वाय’ कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. जुन्या मानकात अशा अडॅप्टरसाठी त्याची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे.

गंमत अशी, की कपॅसिटर मोठा घेतला तर गोंगाटाची चाचणी सोपी जाते, पण गळती वाढते. म्हणून दोन्ही चाचण्या एकाच रचनेवर व्हाव्या लागतात. स्वस्त अडॅप्टरमध्ये हमखास काटछाट होते ती इथे. ‘वाय’ वर्गाच्या जागी साधा कपॅसिटर बसवला तर तोही काही महिने चालतो. मात्र तो शॉर्ट झाला, तर २३० व्होल्ट थेट राऊटरच्या धातूच्या भागांपर्यंत आणि लॅन केबलमधून पुढे संगणकापर्यंत पोहोचू शकतात.

फायबर आले, मग विजेचा धोका संपला?

तांब्याच्या तारेवरून वीज कोसळल्याचा झटका घरात येत असे. फायबर काचेचे असल्याने त्यातून प्रवाह येत नाही. पण खांबावरून घरात येणाऱ्या फायबर केबलला ताण सोसण्यासाठी बऱ्याचदा पोलादी तार असते. ती इमारतीबाहेरच तोडायला किंवा अर्थिंगला जोडायला हवी. ती तशीच खोलीपर्यंत आणली, तर तांब्याची जुनी अडचण पुन्हा घरात शिरते. विदर्भ-मराठवाड्यात वळिवाच्या दिवसांत विजा कोसळतात, तेव्हा हा तपशील महत्त्वाचा ठरतो. कोणतीही प्रयोगशाळा हे तपासत नाही, कारण तिच्यासमोर फक्त उपकरण असते.

मग व्यवस्था कुठे कमी पडते?

प्रमाणपत्र नमुन्याला मिळते. पुढे त्याच मॉडेलमध्ये आतले भाग बदलले गेले, तर ते पकडण्यासाठी बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासावे लागतात. शिवाय जबाबदारी विभागलेली आहे. राऊटर टीईसीकडे, तर सुटा अडॅप्टर बीआयएसच्या नोंदणी योजनेत. ग्राहकाच्या घरात मात्र दोन्ही एकाच प्लगवर असतात आणि अडॅप्टर बदलताना दोघांपैकी कोणीही तिथे नसते. सेवा देणाऱ्या कंपनीनेच त्या मॉडेलसोबत तपासलेला अडॅप्टर बदलून द्यावा, अशी अट घालणे अवघड नाही.

तोवर ग्राहकाने दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या अडॅप्टरचे व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी जुन्याइतकीच हवी, अँपिअर जुन्यापेक्षा कमी नकोत. कमी असतील तर तो तापतो. दुसरे म्हणजे त्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकल्यावर उत्पादकाचे नाव दिसते. तिथे भलतेच नाव आले किंवा काहीच आले नाही, तर अडॅप्टर दुकानदाराला परत करावा. तक्रारही त्याच अॅपवर करता येते.