विश्लेषण : घरची थाळी स्वस्त, मग खानावळीतली महाग का?

‘थाळी स्वस्त झाली’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. ती वाचून नेहमीच्या खानावळीत जावे, तर तिथे दर तोच असतो किंवा दहा रुपयांनी वाढलेला. मग खानावळवाला लुबाडतो आहे का? की बातमीतली थाळी आणि आपल्या पुढ्यातली थाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? पुण्यातला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, बदलीच्या गावी एकटा राहणारा कर्मचारी अशा अनेकांचे रोजचे जेवण या प्रश्नाशी जोडलेले आहे.

बातमीतली थाळी कोणती?

‘क्रिसिल’ ही संस्था दर महिन्याला घरी शिजवलेल्या थाळीचा सरासरी खर्च जाहीर करते. शाकाहारी थाळीत पोळी, कांदा-टोमॅटो-बटाट्याची भाजी, भात, डाळ, दही आणि कोशिंबीर धरली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा खर्च ३३ रुपयांच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो २८ रुपयांच्या जवळ आला. कांदा, टोमॅटो आणि बटाटा स्वस्त झाल्याचा हा परिणाम. खाद्यतेल आणि घरगुती गॅस महागला नसता, तर ही घट आणखी मोठी दिसली असती.

या आकड्यात शिधा, मसाले, तेल आणि गॅस येतो. कणीक मळणारे हात, भांडी घासणारे हात आणि स्वयंपाकघराचे भाडे त्यात येत नाही. घरात ही कामे बहुधा बाईच करते आणि त्यांचा हिशेब शून्य रुपये धरला जातो. खानावळीत मात्र पोळ्या लाटणाऱ्या मावशींना पगार द्यावा लागतो, तसाच वाढप्याला, भांडी घासणाऱ्याला आणि जागामालकालाही. त्यामुळे २८ रुपये आणि खानावळीचा दर यांतला सगळा फरक नफा नसतो. त्यातला मोठा भाग घरात मोजल्याच न जाणाऱ्या कष्टांचा असतो.

गॅसचा हिशेब वेगळा कसा?

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, तर व्यावसायिक १९ किलोचा. खानावळीत घरगुती सिलिंडर वापरणे बेकायदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला व्यावसायिक सिलिंडर १,७१३ रुपये ५० पैशांना होता. म्हणजे घरात किलोला साधारण ६० रुपये, तर खानावळीत ९० रुपये.

यामागे कराचाही भाग आहे. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी लागतो, व्यावसायिक गॅसवर १८ टक्के. शिवाय व्यावसायिक सिलिंडरचा दर साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. खानावळीचा दरफलक मात्र दर महिन्याला बदलता येत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या मेंबरला पंधरा तारखेला दर वाढल्याचे सांगणार कसे?

जीएसटी नेमका कोण भरतो?

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ही मर्यादा मोठी वाटते, पण साधा हिशेब करून पाहू. थाळी १०० रुपयांची धरली आणि वर्षभर रोज ५५ थाळ्या गेल्या, तर उलाढाल २० लाखांच्या पुढे जाते. दोन्ही वेळ जेवणारे तीस मेंबर असले, तरी हा आकडा ओलांडला जातो. वस्तू विकणाऱ्या दुकानदारांची मर्यादा एप्रिल २०१९ पासून ४० लाख झाली. खानावळ मात्र सेवेत मोडते, म्हणून तिच्यासाठी २० लाखच राहिली. या काळात थाळीचे दर वाढत गेले. ग्राहक तेवढेच राहिले, तरी खानावळ कराच्या कक्षेत ढकलली गेली.

नोंदणी झाल्यावर पुढे दोन वाटा असतात. पहिली नेहमीची : ग्राहकाच्या बिलात ५ टक्के कर लावायचा आणि तो सरकारकडे भरायचा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांना हा दर लागू झाला. त्याआधी वातानुकूलित नसलेल्या ठिकाणी १२ टक्के आणि वातानुकूलित ठिकाणी १८ टक्के कर होता. दर कमी करताना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मात्र काढून घेतली गेली. त्यामुळे गॅसवर भरलेले १८ टक्के परत मिळत नाहीत.

दुसरी वाट कंपोझिशन योजनेची. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती घेता येते. कागदपत्रे कमी लागतात, कर उलाढालीच्या ५ टक्केच. पण हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. शंभर रुपयांच्या थाळीतले पाच रुपये खानावळवाल्याच्या खिशातून जातात, त्या थाळीत नफा झालेला असो वा नसो.

सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानात मिळणाऱ्या तयार पोळ्या-पराठ्यांवरचा कर शून्य झाला. उपाहारगृहातल्या जेवणावरचा ५ टक्के तसाच राहिला. म्हणजे विकत आणलेल्या पोळीवर कर नाही, ताटात वाढलेल्या पोळीवर आहे.

सरकारी थाळी हा पर्याय नाही का?

स्वस्त जेवण पुरवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात जुने आहेत. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे काढली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरले. सरकारने तेव्हा थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली. ग्राहकाचे दहा रुपये वजा जाता उरलेले पैसे अनुदानातून द्यायचे होते.

शहरातल्या साध्या, मोजून वाढलेल्या थाळीला २०२० मध्येच ५० रुपये लागतील, असे सरकारनेच मान्य केले होते. त्यामुळे आज खानावळीकडून पोटभर थाळी त्याच दरात मागणे न्याय्य नाही. शिवाय अनुदानावरची थाळी चालते ती केंद्रचालकाला पैसे वेळेवर मिळाले तरच.

मग तोटा कोण सोसते?

गिरणगावाच्या इतिहासात याचे उत्तर आहे. कुटुंब गावी ठेवून मुंबईत आलेल्या कामगारांना परळ-लालबागच्या चाळींतल्या बायकांनी जेवू घातले. कामगार पैसे देई महिन्याच्या पगाराला, शिधा मात्र रोज लागे. मधला खर्च भागवायला या बायका उधारी आणि सावकारी कर्जात अडकत. हे ओळखून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या खानावळवाल्यांसाठी राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जाची वाट उघडली. स्वस्त जेवणाचा भार तोवर सावकाराच्या व्याजाच्या रूपाने त्या बायकांवर पडत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावाकडे परतू लागले, तसा या चुलींचाही आधार गेला.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. दर वाढवला तर मेंबर तुटतात, म्हणून आधी वाटी लहान होते. मग रविवारच्या फीस्टमधले गोड साधे होते, ‘अमर्यादित’ पाटीवरचा ‘अ’ जातो. तेवढ्याने भागले नाही, तर पोळीवाल्या मावशींचा पगार वाढायचा थांबतो आणि मालकीण स्वतःच पहाटेपासून पोळ्या लाटायला बसते. म्हणजे घरातला तो शून्य रुपयांचा हिशेब खानावळीतही शिरतो.

काय करता येईल?

पहिले, सेवांसाठीची २० लाखांची नोंदणी मर्यादा निदान लहान खानावळींपुरती वाढवण्याचा विचार जीएसटी परिषद करू शकते. दुसरे, व्यावसायिक गॅसवरचा कर कमी झाला, तर त्याचा फायदा सरळ ताटापर्यंत पोहोचू शकतो. तिसरे, महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या मेंबरची शिस्त. खानावळीसाठी ते बिनव्याजी भांडवल असते. उधारी वाढली की तेच भांडवल आटते.

या तिन्ही गोष्टी झाल्या तरी खानावळीतली थाळी २८ रुपयांना मिळणार नाही, आणि मिळूही नये. त्या दरात कोणाचे तरी कष्ट फुकट धरावे लागतात. पुढच्या वेळी दरफलकावर दहा रुपये वाढलेले दिसले, तर मालकाला जरूर विचारावे. सोबत आतल्या मावशींचा पगार किती वाढला, हेही विचारावे.