पटावरची चोरी आणि आपले मौन



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आम्हीही प्रतापसिंह हायस्कूलला जातो, अभिवादन करतो, फोटो काढतो. पण पटावरच्या ज्या एका ओळीने आपला इतिहास बदलला, तसल्या पटावर आज कोणाकोणाची नावे चढली आहेत, हे आपण कधी तपासतो का?

शाळेचा पैसा पटावरून ठरतो. पट वाढला की तुकडी वाढते, शिक्षकपद मंजूर होते, पोषण आहाराचा तांदूळ वाढतो. त्यामुळे चोराला तिजोरी फोडावी लागत नाही; खोटी नावे लिहिली की भागते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. सुमारे २० लाख विद्यार्थी फक्त कागदावर निघाले! पुढे कारवाईसाठी लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यात वर्षे गेली. डिसेंबर २०२१ मध्ये टीईटी घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडे पडले.

हा पैसा कोणाचा? आपल्या वस्तीतल्या लेकरांचा. दुर्बल घटकातील मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो दिवसाला १ रुपया. त्या रुपयासाठी आपल्या आयाबहिणींकडे दाखले मागणारी व्यवस्था २० लाख खोट्या मुलांना विनातक्रार पोसत होती.

आणि संशय आला की आपण काय करतो? काहीजण म्हणतात, बोलू नका, जिल्हा परिषदेची शाळा बदनाम होईल आणि खाजगीवाल्यांचे फावेल. अहो, शाळा चोरीने पोखरते, हिशेब मागितल्याने नाही. काहीजण म्हणतात, साहेब आपला माणूस आहे. लेकरांच्या ताटातला तांदूळ नेणारा आपला कसा? आणि तिसरे सगळ्यांत घातक: सकाळी व्हॉट्सॲपवर नाव घेऊन बदनामी, दुपारी मोर्चा, संध्याकाळी मांडवली. यात एखादा प्रामाणिक मुख्याध्यापक आयुष्यातून उठतो, खालचा लिपिक निलंबित होतो आणि वरची साखळी शाबूत राहते. चळवळ मात्र विकाऊ ठरते.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. जनतेच्या पैशाचा हिशेब तपासणे हे लोकशाहीचे मूळ काम आहे, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला पक्के ठाऊक होते. आपण मात्र लेखापरीक्षण अहवाल मागायचा कंटाळा करतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. संशय आला की आधी कागद, मग नाव. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचे काम आहे. पण आपल्या वस्तीतल्या माउलीची तिथे फक्त सही घेतली जाते. तिला जमाखर्च दाखवा, असे आपण ठणकावले पाहिजे.

समितीने दाद दिली नाही, तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. हजेरीपट, संचमान्यता, तांदळाची साठा नोंदवही, कॅशबुक आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. हजर मुले, शिजलेला तांदूळ आणि मंजूर पदे यांचा मेळ घाला. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पहिले अपील करा. मेळ बसला नाही तर शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दप्तर ताब्यात घ्या आणि ज्याच्यावर संशय त्याच्याच हाती चौकशी देऊ नका, असे त्यात स्पष्ट लिहा. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. चौकशीत माणूस निर्दोष ठरला तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा.

याच सातारा-सांगलीच्या मातीत एका मुलाला पटावरच्या ओळीने बाबासाहेब होण्याच्या वाटेवर आणले, तर वाटेगावच्या अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसात सुटली. पटावरची जागा मिळणे आणि गमावणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? येत्या ७ नोव्हेंबरला हार जरूर घाला. पण त्याआधी आपल्या गावच्या शाळेचा पट उघडून बघा.

जय भीम! जय संविधान!