मिरचीपुडीला फुकटचे श्रेय

कुत्रा चावला की जखमेत मिरचीपूड भरायची, वर चुना थापायचा, ही रीत अनेक गावांत अजून चालू आहे. शहरात मिरचीऐवजी हळद येते, एवढाच फरक. इतकी निरुपयोगी रीत इतकी वर्षे टिकली कशी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर सोपे आहे: चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात. त्यामुळे मिरची लावलेला माणूस बहुधा धडधाकट राहतो आणि श्रेय मिरचीच्या नावावर जमा होते. क्वचित एखादे कुत्रे पिसाळलेले असलेच, तर रेबीजची लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर जखम भरलेली असते, मिरची विस्मरणात गेलेली असते आणि मृत्यूचा दोष तिच्यावर कोणी ठेवत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. या विषाणूला चरबीचे आवरण असते आणि ते साध्या साबणाने नष्ट होते. म्हणून पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने जखम धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे हाच उपाय. पण साबण झोंबत नाही. मिरची झोंबते, म्हणून ती औषधासारखी वाटते.

प्रथमोपचाराचा विषय निघाला की लोकांना काही येत नाही, अशी तक्रार आपल्याकडे होते. मला ती अर्धवट वाटते. लोकांना खूप काही येते, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असते. रिकाम्या पाटीवर लिहायचे असते तर काम हलके होते. इथे पाटी भरलेली आहे आणि त्यावरच्या मजकुरावर अनुभवाचा शिक्का आहे. बहुतेक अपघात आणि झटके आपले आपण निभावून जातात. त्या वेळी जे काही केले गेले असेल त्याला गुण आला, असे आपण धरून चालतो. म्हणून प्रथमोपचाराचे शिक्षण ‘काय करावे’ या यादीने सुरू करणे हीच पहिली चूक आहे. काय करू नये आणि ते करून आजवर गुण का आल्यासारखा वाटला, इथून सुरुवात हवी.

फिट येणे हे याचे शुद्ध उदाहरण. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कोणी कांदा फोडून आणेपर्यंत, चप्पल नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. झटका थांबतो आणि कांदा जिंकतो. कांद्याने निदान इजा होत नाही. दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालणारे मात्र दात पाडतात, आणि पूर्ण शुद्ध येण्याआधी पाणी पाजणारे ते फुप्फुसात घालतात. घोळणा फुटल्यावर मान मागे टाकायला लावणे हीही त्याच जातीची समजूत. रक्त थांबल्यासारखे दिसते, कारण ते घशातून पोटात जात असते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरला की ते खरोखर थांबते.

या हिशेबाची सगळ्यात मोठी किंमत सर्पदंशात मोजावी लागते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातली बहुसंख्य माणसे ग्रामीण भागातली होती आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. त्याआधी 2011 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले होते की सर्पदंशाने मरणाऱ्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा रुग्णालयात मेला. बाकीचे रुग्णालयाबाहेरच दगावले. आता मांत्रिकाच्या बाजूने गणित मांडून पाहा. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे ज्यांचे ‘विष उतरवले’ जाते त्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगात विष नसतेच. मांत्रिकाला लबाडी करण्याचीही गरज पडत नाही. त्याचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास बसतो. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का हे पाहण्याची परीक्षाही अशीच. जीभ काय सांगते त्यावरून रक्तात विष आहे की नाही हे कळत नाही. मण्यार तर या परीक्षांना सरळ फसवते. ती रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; वेदना जवळपास नसते, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे लोक पित्ताची गोळी देतात.

पाय घट्ट आवळून बांधण्याची सवय तर सुशिक्षितांतही पक्की आहे. विष वर चढू नये हा तर्क वरवर पटतो. पण घोणस आणि फुरसे यांचे विष चावलेल्या जागीच मांस नासवते. दोरीने रक्त अडवले की ते नासणे वाढते आणि पाय गमवायची वेळ येते. दवाखान्यात दोरी एकदम सुटली तर अडलेले विष एका लोंढ्यात अंगभर जाऊ शकते. ब्लेडने चीर देणे, तोंडाने चोखणे यांनीही विष निघत नाही. खरा प्रथमोपचार रुक्ष आहे: धीर देणे, अंगठ्या-जोडवी काढणे, हाड मोडल्यासारखा तो अवयव फळी लावून स्थिर ठेवणे, रुग्णाला चालू न देणे आणि गाडी मिळेल ती पकडून प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठणे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून पिशवीतून नेण्याची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेच्या बाजूने: आजीबाईचा बटवा सगळाच फेकून द्यायचा का? मुळीच नाही. भाजल्यावर पहिली धाव पाण्याकडे घेणारी आजी बरोबर होती; वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याइतका चांगला उपाय आजही नाही. चुकते ती नंतर टूथपेस्ट किंवा शाई फासणारी पिढी, आणि टूथपेस्ट काही परंपरेतून आलेली नाही. हार्ट अटॅक आल्यावर जोराने खोका, पक्षाघात झाला तर दहाही बोटांना सुई टोचा, हे तर मोबाइलवर पसरलेले सल्ले आहेत. खोकत बसण्यात आणि सुई शोधण्यात जो वेळ जातो तोच मौल्यवान असतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा वाद जुन्या-नव्याचा नाहीच. एखादा उपाय आपोआप बरे होणाऱ्या रुग्णांना वगळूनही टिकतो का, एवढीच कसोटी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘हे करू नका, ते करू नका’ असे शिकवले तर बघ्यांची गर्दी आणखी बघी होईल. रस्त्यावर पडलेल्या माणसाला हात लावायला लोक आधीच कचरतात. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले तरी पोलिसांची भीती गेलेली नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मनाईच्या यादीला ठळक अपवाद हवेत. भळाभळा रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबा, कापड भिजले तरी हात काढू नका. हाका मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास बंद असेल, किंवा नुसते आचके लागले असतील, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. हृदय थांबलेल्या माणसाचे तुमच्या चुकीने आणखी काही बिघडण्यासारखे उरलेले नसते. इथे आपोआप बरे होणे नाही, म्हणून इथे हातपाय हलवलेच पाहिजेत.

आणि रुग्णालय चाळीस किलोमीटरवर, मांत्रिक मात्र शेजारच्या पाड्यावर, त्याचे काय? त्याला शत्रू मानून भागणार नाही. ज्याच्याकडे माणसे आधी जातात त्यालाच गाडी बोलावण्याचे काम आणि त्याचा मान द्यावा. लोक शिकत नाहीत, हे मात्र खरे नाही. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 नंतरच्या दशकात दारोदार जाऊन एक कोटीहून अधिक घरांत चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मापून पाणी यांचे जुलाबावरचे पेय आयांना शिकवले. जुलाबात पाणी तोडायचे, ही समजूत तिथेही होती आणि आपल्याकडेही आहे. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला आयांना किती लक्षात राहिले यावर ठरे. नंतर दुसरे कोणी येऊन ते तपासून जाई. आपल्याकडे शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचा धडा असतो, त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो आणि कोणाच्याही हाताला काही येत नाही. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्राने 2024 साली जाहीर केला आहे. प्रतिविषाचा साठा वाढवून तो पुरा होणार नाही. रुग्णालयाबाहेर मरणाऱ्यांपर्यंत तो साठा पोचतच नाही. दर पावसाळ्याआधी आशा कार्यकर्तीने घरोघरी चार प्रश्न विचारावेत, चूक उत्तर देणाऱ्यांकडे पुन्हा जावे आणि त्या दुसऱ्या फेरीचे पैसे तिला मिळावेत.

तोवर वाचकांनी एक करावे. समोर कोणाला फिट आली तर घड्याळ पाहावे, माणसाला कुशीवर वळवावे, पाच मिनिटे उलटली तर 108 ला फोन करावा. आणि कोणी कांदा घेऊन धावत आलाच, तर त्याच्यावर ओरडू नये. डोक्याखाली ठेवायला काहीतरी मऊ आणायला त्यालाच पाठवावे.