पूर्वजांचा निवाडा कोणत्या नियमशास्त्राने?

मृत्यू ही देहाची नैसर्गिक गती नसून पापाबद्दल ठोठावलेली शिक्षा आहे, हा ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचा पाया. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याची मांडणी आहे. आदामाच्या आज्ञाभंगाने पाप जगात शिरले, त्यामागून मरण आले आणि ते साऱ्या मानवजातीला व्यापून राहिले. मोशेला मिळालेले नियमशास्त्र पापाची जाणीव करून देते, सुटका करीत नाही. सुटका केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने.

मग ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही, त्या आमच्या आज्या-पणज्यांचे काय?

हा प्रश्न हिंदुत्ववाद्यांनी उकरून काढलेला नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. तेथे १८७४ पासून कार्यरत असलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईत जन्मलेले मिशनरी. १८७८ मध्ये त्यांनी नगरला ईश्वरशास्त्राचे विद्यालय काढले. हा गृहस्थ सहृदय होता, दुष्काळात लोकांसाठी राबला. ते नाकारण्याचे कारण नाही. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना, ख्रिस्ताविषयी न ऐकता मेलेल्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल, या मताकडे आपला कल असल्याचे त्यांनी अँडोव्हरच्या सभेत बोलून दाखविले. झाले! मातृसंस्थेने त्यांना नगरला परत धाडणे रोखून धरले. वादंग माजले, आणि १८८७ मध्ये कुठे परवानगी मिळाली.

ज्यांच्यात आयुष्य घालवले, त्या माणसांच्या वाडवडिलांना नरकात लोटण्यास ह्यूम यांचे मन धजेना. सिद्धांत मात्र आडवा आला.

यावर उत्तर दिले जाते की, नियमशास्त्र नसलेल्यांचा न्याय त्यांच्या सदसद्विवेकाने होईल, असे पौलच सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये, स्वतःचा दोष नसताना सुवार्तेला अनभिज्ञ राहिलेल्यांना तारण शक्य मानले. उत्तम! पण विवेकाने जगणाऱ्याचे तारण शक्य असेल, तर श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याने कुळाचार सोडण्याची निकड कोणती? आणि शक्य नसेल, तर त्याच्या पूर्वजांना कधीही न कळविलेल्या कायद्याखाली दोषी ठरविले गेले. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही हे खरे. परंतु तो कायदा आधी राजपत्रात प्रसिद्ध तरी झालेला असावा लागतो.

आठवत नसलेल्या जन्माचे फळ देणारा कर्मसिद्धांत तरी न्याय्य कसा, असे कोणी विचारील. तेथे कर्ता आणि भोक्ता एकच आहे; आदामाची थकबाकी वामनाच्या नावे चढत नाही. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला. त्यात मृत्यू म्हणजे जीर्ण वस्त्र टाकणे. त्यामागे कोणा आद्यपुरुषाचा गुन्हा नाही.

भाद्रपदात ज्या हातांनी आपण पितरांना तिलांजली देतो, त्याच हातांनी दारी येणाऱ्या प्रचारकाला पाणी द्यावे, त्याला बसवावे आणि ह्यूम यांच्या १८८६ च्या भाषणाचा दाखला देऊन शांतपणे विचारावे: आमचे पितर आता कोठे आहेत?